सुटीचा हिशेब

आम्हीं आयुष्याचीं ३२ वर्षें शिक्षकाचा व्यवसाय केला आणि त्यांतील प्रत्येक वर्षीं उन्हाळ्याची सुटी मनापासून भोगली. अशा माणसानें त्या सुटीविरुद्ध तक्रार करावी हा एक प्रकारचा कृतघ्नपणाच होय, हें आरंभींच कबूल करतों. वऱ्हाडांतला उन्हाळा ज्यानें पाहिला आहे त्याला सुटीचें समर्थन निराळें सांगावयास नको. एप्रिल सरतां सरतां पारा ४५ अंशांकडे झुकूं लागतो, मेच्या अखेरीस नवतपा बसला म्हणजे वलगांवचे रस्ते दुपारीं बारापासून पांचपर्यंत ओसाड पडतात, आणि पुण्यामुंबईकडील शाळा जूनच्या मध्यास उघडल्या तरी आमच्या विदर्भांतील शाळांना त्यानंतर आठपंधरा दिवस अधिक थांबावें लागतें. अशा दिवसांत मुलांना वर्गांत कोंडणें हें क्रौर्यच ठरेल. सुटी मुलांच्या हिताची आहे याविषयीं आम्हांस कधींच शंका आली नव्हती. ती आली आमच्या नातवामुळें.

आमचा नातू आतां ९ वर्षांचा आहे. त्याच्या बुद्धीची वाढ वयाच्या मानानें मंद आहे आणि बोलणें त्याहूनहि थोडें. सरकारी प्रमाणपत्रांत त्याच्या अवस्थेस ‘बौद्धिक अक्षमता’ असें भारदस्त नांव दिलें आहे; शेजारच्या म्हाताऱ्या ‘देवाचं लेकरू’ म्हणतात; आम्ही त्याला त्याच्या नांवानें हाक मारतों आणि तो आम्हांस ‘आबा’ म्हणतो. त्याच्या संग्रहीं एकंदर दहाबारा शब्द आहेत; त्यांतला एक आपल्या वांट्यास आला याचा आम्हांस अभिमान वाटतो. तो गांवांतल्याच शाळेंत इतर मुलांबरोबर बसतो, आणि आठवड्यांतून एकदां विशेष शिक्षिका येऊन त्याच्याकडे निराळें लक्ष पुरवितात. दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. त्या मार्चअखेर तो सदऱ्याचीं खालचीं दोन बटणें आपलीं आपण लावूं लागला होता, पांचपर्यंत मणी मोजीत होता आणि तहान लागली म्हणजे ‘पा’ म्हणत होता. जूनच्या शेवटीं शाळा उघडली तेव्हां यांपैकीं कांहींहि उरलेलें नव्हतें. बटण दिसलें कीं तो तें तोंडांत घाली. मणी मोजण्याऐवजीं फेंकी. तहान लागली म्हणजे माठाजवळ उभा राहून रडे. शाळेंतील बाईंनीं बिचाऱ्यांनीं पुन्हां श्रीगणेशा केला आणि दिवाळीच्या सुटीच्या तोंडाशीं त्याला मार्चमधल्या ठिकाणीं आणून सोडलें. म्हणजे दोन महिने विसरण्यांत गेले व जवळजवळ चार महिने तेंच पुन्हां शिकण्यांत. ज्याला शेतीचा हिशेब येतो त्याला या पिकांत घरीं काय आलें हें सांगावयास नको.

सुटींत विसरत नाहीं असा विद्यार्थी आम्हांस तरी कोठें भेटला? जुलैमध्यें पाढे विचारले म्हणजे सबंध वर्ग आढ्याकडे पाहूं लागे. परंतु त्यांचें विसरणें आठ दिवसांचें. एकदां उजळणी झाली कीं गाडी रुळावर येई. आमच्या नातवाची गोष्ट वेगळी आहे, आणि हें वेगळेपण ओळखणारे आम्हीच पहिले असेंहि नव्हे. अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया राज्यांत पूर्वीं असा नियम होता कीं, कोणत्याहि मुलास वर्षांतून १८० दिवसांहून अधिक शिक्षण सरकारी खर्चानें मिळावयाचें नाहीं. तीव्र अपंगत्व असलेल्या कांहीं मुलांच्या पालकांनीं याविरुद्ध न्यायालयांत धांव घेतली. ‘आर्मस्ट्राँग विरुद्ध क्लाइन’ या नांवानें तो १९७९ चा खटला प्रसिद्ध आहे. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, लांब सुटींत आमचीं मुलें जें गमावतात तें भरून काढावयास त्यांना इतरांहून फार अधिक काळ लागतो. तेव्हां सर्वांना १८० दिवसांचें एकच माप लावणें म्हणजे कायद्यानें कबूल केलेलें शिक्षण एका हातानें देऊन दुसऱ्या हातानें काढून घेणें होय. न्यायाधीशांस हें पटलें. पुढल्या वर्षीं वरच्या न्यायालयापुढेंहि तो नियम टिकला नाहीं. आज त्या देशांत ज्या मुलास खरोखर गरज आहे त्यास सुटींतहि शिक्षण पुरविणें हें शाळेचें कर्तव्य मानलें जातें, आणि ती गरज शिक्षक व पालक यांनीं एकत्र बसून त्या एका मुलाकडे पाहून ठरवावयाची असते. पंचांगाकडे पाहून नव्हे.

आपल्याकडील दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९९५ च्या कायद्याहून पुष्कळ उदार आहे. जुन्यांत अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते, नव्यांत २१ आहेत. ज्याचें अपंगत्व ४० टक्के वा अधिक ठरलें आहे अशा मुलास ६ व्या वर्षापासून १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कहि त्यानें दिला आहे. मात्र सुटीच्या दिवसांत त्या हक्कानें कोणत्या झाडाच्या सावलींत बसावें, हें त्यांत सांगितलेलें नाहीं.

कायदा जेथें मुका राहतो तेथें संस्था बोलूं लागतात. गेल्या वर्षीं एप्रिलमध्यें अमरावतीच्या एका संस्थेनें दिव्यांग मुलांसाठीं उन्हाळी वर्ग काढल्याचें पत्रक सूनबाईच्या हातीं आलें. मुदत सहा आठवडे, वेळ सकाळीं आठ ते अकरा, शुल्क ३,००० रुपये. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त परगांवीं असतात व शनिवारीं येतात. तेव्हां नेण्याआणण्याचें काम ओघानेंच सेवानिवृत्त मनुष्याकडे आलें. पहिल्याच दिवशीं ऑटोंत बसतांना शेजारच्या काकूंनीं हटकलें, “काहून नेता जी गुरुजी त्या लेकराले एवढ्या उन्हात? सुटीत त सारेच पोट्टे घरी रायतात!” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सूनबाई मात्र दारांतूनच म्हणाली, “काकू, बाकीचे घरी राहून विसरत नाहीत.”

वर्ग पाहिला कीं शिक्षकाच्या नाकावर परीक्षकाचा चष्मा आपोआप चढतो. आम्ही रोज तीन तास बाहेरच्या ओट्यावर बसूं, आणि खिडकी उघडी असल्यामुळें आंतलें पुष्कळ दिसे. मुलें २७, शिकविणाऱ्या ताई तीन. त्या तिघींपैकीं विशेष शिक्षणाचें रीतसर प्रशिक्षण घेतलेली व पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेली ताई एकच. उरलेल्या दोघी प्रेमळ, उत्साही आणि घामाघूम झालेल्या. तीन तासांचीं १८० मिनिटें. एकेका ताईच्या वांट्यास नऊ मुलें. तिनें पाणी न पितां, कोणाचें नाक न पुसतां, कोणाचें भांडण न सोडवितां सारा वेळ शिकविलें तरी एका मुलास वीस मिनिटें मिळावयाचीं. प्रत्यक्षांत मिळत तीं दहा. उरलेल्या वेळांत गाणीं, नाच, रंगकाम, फुग्यांच्या शर्यती. आम्ही या गोष्टींचे शत्रु नव्हेत. आमचा नातू फुग्यामागें धांवतांना जसा हसला तसा आम्हीं त्याला पूर्वीं पाहिलेला नव्हता, आणि हें हसूं वर्गाच्या जमेच्या बाजूस लिहिलेंच पाहिजे. परंतु आम्ही त्याला तेथें नेला होता तो मार्चमध्यें मिळविलेलें जूनपर्यंत टिकावें म्हणून; त्या कामाचें काय होत होतें?

जूनच्या मध्यास समारोपाचा समारंभ झाला. पाहुणे आले, भाषणें झालीं, २७ मुलांना २७ पदकें मिळालीं. नातवाच्या हातीं एक सुंदर निळ्या माशाचें चित्र देण्यांत आलें, खालीं त्याचें नांव. तो मासा आम्ही खिडकींतून पाहिला होता. कुंचल्यावर नातवाची मूठ होती हें खरें, पण त्या मुठीवर ताईची मूठ होती. त्याबरोबर एक प्रगतिपत्रक मिळालें. त्यांत दहा रकाने, आणि दहाहि रकान्यांत ‘उत्तम’, ‘चांगली’ व ‘समाधानकारक’ हे तीन शब्द आलटून पालटून बसविलेले. ‘समाधानकारक’ हा शब्द आमच्या जुन्या ओळखीचा आहे. ३२ वर्षांत तो आम्हीं इतक्या प्रगतिपुस्तकांत लिहिला कीं त्यापायीं शाईच्या बाटल्या संपल्या असतील. ज्या मुलाविषयीं आपणांस कांहीं ठाऊक नाहीं त्याच्यासाठीं तो राखून ठेवलेला असतो. हें गुपित फोडल्याबद्दल आमचे व्यवसायबंधु रागावतील. पण आपणच पेरलेला शब्द आपल्याच नातवाच्या पत्रकांत उगवलेला पाहून आम्हांस काय वाटलें असेल याची कल्पना त्यांनींच करावी.

आमच्या गांवाजवळ पेढी नदीच्या पुलापाशीं २० डिसेंबर १९५६ रोजीं गाडगेबाबांनीं देह ठेवला. आंधळ्या-पांगळ्यांसाठीं झिजलेल्या त्या पुरुषाच्या कीर्तनाची रीत वडीलधाऱ्यांकडून आम्हीं ऐकलेली आहे: ते सांगत थोडें व विचारीत फार, आणि विचारीत तें अशा साध्या भाषेंत कीं श्रोत्याला उत्तर चुकवितां येत नसे. समारंभांत बसल्या बसल्या आमच्या मनांत आलें कीं, ते येथें असते तर त्यांनीं पदकांकडे पाहिलें नसतें. ‘बापा, हे पोरगं आपल्या हातानं पाणी पेते का?’ अशाच एखाद्या प्रश्नानें सर्वांना उभें केलें असतें. आणि उत्तर आमच्यापाशीं होतें. तें त्या पत्रकांत नव्हतें, आमच्या खिशांतल्या वहींत होतें.

ही वही त्याच प्रशिक्षित ताईची देणगी. वर्ग सुरू झाल्यावर आठदहा दिवसांनीं तिनें आम्हांस आंत बोलाविलें आणि विचारलें, “गुरुजी, घरीं याचें कोठें अडतें?” आम्हीं सांगितलें कीं पाण्याशीं. “अडतें तें सांगितलेंत, तो कोठपर्यंत येतो तें सांगा.” याचें उत्तर आम्हांस देतां येईना. ज्या नातवाबरोबर आम्ही आठ वर्षें एका घरांत राहिलों तो माठाजवळ जाऊन नेमकें काय करतो आणि कोठें थांबतो, हें आम्हीं कधीं पाहिलेंच नव्हतें. तो रडला कीं कोणी तरी उठून पेला त्याच्या तोंडाला लावी, आणि प्रकरण तेथें संपे. ताईनें पाणी पिण्याच्या एका कामाचे सात तुकडे पाडून दिले: माठापाशीं जाणें, झांकण काढून बाजूस ठेवणें, पेला उचलणें, ओगराळें बुडविणें, पेल्यांत ओतणें, पिणें आणि झांकण पुन्हां ठेवणें. प्रत्येक तुकड्यापुढें रोज एकच शब्द लिहावयाचा. हाताला धरून करवून घ्यावें लागलें तर ‘हात’, बोट दाखविल्यानें झालें तर ‘खूण’, सांगितल्यानें झालें तर ‘शब्द’, आणि कोणाच्या मदतीवांचून झालें तर ‘आपण’. दुसरी सूचना तिनें अशी केली कीं शिकवावयाचें तें शेवटून शिकवा. आधींचें सारें तुम्ही करा. झांकण ठेवण्याचें काम मात्र त्याचें. तें जमलें कीं त्याच्या आधींची पायरी. अशानें प्रत्येक वेळीं काम पुरें केल्याचा आनंद त्याच्या वांट्यास येतो. पहिल्या पायरीपासून आरंभ केला तर वांट्यास येतें तें अडणेंच.

आमच्या ३२ वर्षांच्या अध्यापनांत आम्हीं एकहि धडा शेवटून शिकविलेला नव्हता. ताईनें आणखी सांगितलें कीं, मद्रासेस या मुलांसाठीं तयार झालेली एक जुनी पद्धति आपल्या देशांतील विशेष शाळांत पुष्कळ वापरली जाते. तींत रोजच्या जीवनाचीं १८ क्षेत्रें व प्रत्येकांत २० अशीं ३६० वर्तनें मांडलेलीं आहेत, आणि प्रत्येक वाक्य मूल काय करतें असें लिहिलेलें असतें, काय करीत नाहीं असें नव्हे. ज्यांच्याविषयीं आपण जन्मभर ‘याला हें येत नाहीं, तें येत नाहीं’ एवढेंच बोलत आलों, त्यांच्याकडे पाहण्याची ही तऱ्हा आमच्या मनांत बरेच दिवस घोळत राहिली.

आतां वही काय सांगते तें पाहूं. मेच्या मध्यास सातांपैकीं दोनच तुकड्यांपुढें ‘आपण’ होतें: तो माठापाशीं जाई आणि दिलेलें पाणी पिई. वर्ग संपला त्या दिवशीं चारांपुढें ‘आपण’ होतें. मध्यें सहा दिवस तापानें गेले. त्या दिवसांचीं पानें कोरीं आहेत. वर्ग संपल्यावर शाळा उघडेपर्यंत घरीं हा क्रम चालूच राहिला, आणि शाळेच्या पहिल्या दिवशीं पांचांपुढें ‘आपण’, ओगराळें बुडविण्यापुढें ‘शब्द’ व ओतण्यापुढें ‘खूण’. ओतलेल्या पाण्यापैकीं निम्में जमिनीवर जाई, आणि सूनबाईनें तें पुसण्याचें काम कोणालाहि न बोलतां आपल्याकडे घेतलें. दुसऱ्या बाजूस मण्यांची गोष्ट पाहा. प्रगतिपत्रकाप्रमाणें तो सातपर्यंत मोजूं लागला होता. तें खोटें नसावें. वर्गांतल्या मोठ्या रंगीत मण्यांसमोर, ताईच्या सुरांत सूर मिळवून, तो मोजीतहि असेल. घरीं चिंचोके पुढें ठेवले तेव्हां तो तीनवर थांबला, आणि जुलैमध्यें शाळेंतल्या बाईंनीं खडे ठेवून पाहिलें तेव्हां दोनवर. जें वर्गांतल्या मण्यांपुरतेंच राहिलें तें वर्गाबरोबर संपलें. बटणांकडे तर ना वर्गानें पाहिलें ना आम्हीं, आणि तीं जशीं गेलीं तशीं गेलीं.

तर मग वर्ग चांगला कीं वाईट? आम्हीं जुलैमध्यें एका रविवारीं जेवणानंतर मोठ्या गांभीर्यानें निकाल वाचून दाखविला: ३,००० रुपये शुल्क आणि ऑटोचें भाडें वेगळें, त्या मोबदल्यांत खरें शिक्षण म्हणावें असें एका ताईचीं रोज दहा मिनिटें व एक सल्ला, जें टिकलें तें घरच्या मेहनतीनें टिकलें, सबब पुढील वर्षीं वर्ग नको, वही पुरे. शिवाय मूल घरांत असून घरानेंच शिकावें यांत नवल तें काय? मुंबईच्या वकील दांपत्यानेंहि आपल्या जय नांवाच्या मुलीच्या निमित्तानेंच १९४४ सालीं शाळा काढली, आणि ती आज या क्षेत्रांत वडीलकीच्या मानानें उभी आहे, असाहि दाखला आम्हीं जोडला. चिरंजीवांनीं मान हलविली. सूनबाई ताटें उचलीत होती. ती थांबली आणि म्हणाली, “मामाजी, तुमच्या वहीत माझ्यासाठी रकाना कुठे आहे?”

आम्हांस प्रथम बोध झाला नाहीं. मग ती सावकाश सांगूं लागली. वर्गाच्या त्या दिवसांत सकाळीं साडेसातपासून साडेअकरापर्यंत घरांत ती एकटी होती. नातवाच्या जन्मापासून असें सलग कधीं घडलें नव्हतें. त्या अवधींत तिनें दोन वर्षें दुखणारी दाढ काढून घेतली; आजारी आईला दोनदां भेटून आली; बँकेंतलें मुलाच्या नांवाचें काम पुरें केलें; आणि एके दिवशीं यांतलें कांहींच न करतां नुसती झोपली. “दुपारी तो माठाजवळ पाणी सांडायचा तेव्हा मी चिडले नाही, ते कशामुळे असं वाटतं तुम्हाला? आदल्या वर्षीं मी त्याच्या हातून ओगराळं हिसकून घेत होते.”

यावर आम्ही काय बोलणार? वहींत सातहि तुकडे होते, चारहि शब्द होते, तापाचे दिवसहि होते. जिच्या हातून पेला घेऊन तो शिकत होता तीच तेवढी नव्हती. ज्या मेहनतीचें श्रेय आम्हीं ‘घर’ या मोघम शब्दाला दिलें होतें ती मेहनत त्या चार तासांच्या विसाव्यावर उभी होती, आणि तो विसावा आम्हीं ज्याला नापास केलें त्या वर्गानें दिला होता. आमच्या परीक्षकपणाचा चष्मा त्या दिवशीं आम्हीं काढून ठेवला.

परतवाड्याजवळ वज्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं अनाथ व दिव्यांग मुलांचें घर चालविलें आहे. २०२४ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हां तें नांव सर्वतोमुखीं झालें. तेथें सुटी नाहीं, कारण सुटीसाठीं जावयाचें दुसरें घर नाहीं. त्या मुलांनीं हातीं धरलेलीं कामें, लावलेलीं हजारों झाडें ऋतु पाहून थांबत नाहींत. नियमाप्रमाणें अनाथालयांतील मूल १८ वर्षांचें झालें कीं त्यानें बाहेर पडावें. अशा मुलांनीं जावें कोठें, हा प्रश्न घेऊन बाबा कित्येक वर्षें सरकारशीं बोलत आले आहेत. १८० दिवस काय किंवा १८ वर्षें काय, आंकडा कोणाच्या तरी सोयीनें ठरतो. आमच्या नातवाला निदान पाणी पुसणारी आई आहे, आणि तिला चार तासांची झोप मिळवून द्यावयास एक रिकामा म्हातारा आहे. जेथें हीं दोन्हीं माणसें नाहींत तेथें उन्हाळा कसा जात असेल?

यंदाचा एप्रिल आला आहे. त्याच संस्थेचें पत्रक पुन्हां आलें. आम्हीं जाऊन विचारलें कीं ती प्रशिक्षित ताई यंदा आहे काय. मुलें किती घेणार. आरंभीं प्रत्येक मुलाला काय येतें याची नोंद कोण करणार. आणि ती नोंद आम्हांस पाहावयास मिळेल काय. पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असें आलें, दुसऱ्याचें ‘बहुधा वीस’, आणि उरलेल्या दोहोंवर व्यवस्थापकांनीं आमच्याकडे जरा निरखून पाहिलें. नांव घातलें आहे. वहीहि नवी आणली आहे. तिच्यांत पहिल्या पानावर शाळेच्या बाईंकडून मार्चअखेरची स्थिति लिहून घेतली, दुसऱ्यावर बटणें घेतलीं, आणि शेवटचा एक रकाना सूनबाईनें आपल्या हातानें आंखला. त्यांत ती काय लिहिते तें आम्ही विचारीत नाहीं.

परवां संध्याकाळीं घरीं पाहुणे आले होते. कोणीहि सांगितलें नव्हतें. नातू उठला, माठाकडे गेला आणि दोन्हीं हातांनीं पेला धरून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. वाटेंत अर्धें पाणी सांडलें होतें, झांकण ठेवावयाचें राहिलें होतें. वहींत ‘आपण’ लिहावें कीं ‘खूण’ याविषयीं आमचा व सूनबाईचा वाद अजून मिटलेला नाहीं. कारण पाहुण्यांनीं त्याआधीं एकदां माठाकडे पाहिलें होतें, असें तिचें म्हणणें आहे.